पाच थरांची शेंग

मित्रांनो, मी एक शेंग आहे. जुनी आहे, चार ठिकाणी चिरलेली आहे आणि चारही ठिकाणी पुन्हा चिकटवलेली आहे. तोंडात टाकायचा विचार असेल तर सोडून द्या, कारण मी फोमची आहे. माझं दुकानातलं नाव पुल-बॉय. पोहण्याच्या सरावात मला दोन मांड्यांच्या मध्ये धरतात. मग पाय पाण्यावर उचलून धरायचं काम माझं आणि पुढे जायचं सगळं काम हातांचं. पायांना सुट्टी, हातांना शिक्षा, असं पोरं म्हणतात. दोन्ही टोकं फुगीर आणि मध्ये बारीक कंबर, असा माझा बांधा. मला बघून तलावावरच्या पोरांना भुईमूग आठवला आणि त्यांनी माझं नाव पाडलं शेंग. ते आजवर टिकलं आहे, आणि खरं सांगू का, मला आवडतंही.

आपली गोष्ट सांगताना वस्तू सारखे सुस्कारे टाकतात असं मी ऐकून आहे. मी टाकणार नाही. माझ्यात आहे काय तर हवा, आणि ती सुस्कारे टाकण्यात घालवली तर मी तरंगू कशी? शिवाय ही जिंकल्याची गोष्ट आहे. रडायची ठिकाणं येतील, पण ती मी पटापट सांगून टाकीन.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे फोमचे सतरंजीएवढे तक्ते होते. निळा, पांढरा, निळा, पांढरा, निळा असे पाच तक्ते एकमेकांना चिकटवले, वर वजनं ठेवली आणि वाळल्यावर बिस्किटं कापावीत तसं पात्याने आम्हाला कापून काढलं. शेवटी एक कामगार बाई प्रत्येकीला अंगठ्याने दाबून बघायची. अंगठा उचलल्यावर खळगा भरून आला तर पास, नाही आला तर बाजूच्या पिंपात. माझा खळगा असा झटकन भरला की तिने मला पुन्हा एकदा दाबलं. "ही चिवट निघणार," ती शेजारणीला म्हणाली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी. अजून लक्षात आहे.

मग खोकं, मग ट्रक, मग अंधार, आणि अंधार संपला तो थेट तलावावर. काय ती जागा, मित्रांनो. उंच छताला काचा, खाली निळं पाणी, ओल्या फरशीवर फटक फटक वाजणाऱ्या चपला, क्लोरीनचा वास आणि शिट्टी वाजली की चारी भिंतींवरून परत येणारा तिचा आवाज. पहिली काही वर्षं माझा नुसता थाट होता. जाळीच्या टोपलीत हात घातला की पोरं आधी मलाच शोधायची. नवख्यांना मी जरा सतावायचे, ते कबूल. मांड्या सैल पडल्या की मी सुटते, आणि सुटले की बाटलीच्या बुचासारखी उसळी मारते. एकदा अशी उसळले ती थेट जीवरक्षकाच्या चहाच्या कपात. कप गेला, चहा गेला, आणि तो तलावाचं रक्षण करणारा माणूस "वाचवा" म्हणून ओरडला. त्यानंतर कोच मॅडम प्रत्येक नव्या पोराला सांगायच्या, "हिला घट्ट धर. ही शेंग आहे, पण फुटली की बॉम्ब आहे."

पुढे नवे पुल-बॉय आले. एकरंगी, गुळगुळीत, कंबरेला खाच असलेले. मी टोपलीच्या तळाला गेले. वरून किकबोर्डच्या पाट्या पडायच्या. छताच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने माझा निळा रंग विटला. कुणीतरी शर्यतीच्या भीतीने माझा एक कोपरा चावला, दातांसकट सही केली म्हणा ना. एकाने मला दाराला अडसर म्हणून लावलं आणि घरी निघून गेला. हे रडायचं पहिलं ठिकाण होतं. झालं सांगून.

आणि मग ती आली.

ती शाळेतून थेट यायची, म्हणून रोज उशिरा यायची, आणि उशिरा येणाऱ्याला टोपलीत उरलेलं घ्यावं लागतं. उरलेली मीच. तलावावर तिला पाणबुडी म्हणायचे. का, ते सांगते. तिचे हात जबरदस्त होते, पण पोहताना तिचे पाय खाली जायचे. पुढून बघितलं तर होडी आणि मागून बघितलं तर बुडणारं जहाज. पायांचं ते ओझं ओढता ओढता तिची दमछाक व्हायची आणि प्रत्येक सरावात ती सगळ्यांत मागे राहायची.

"दुसरी नाही मिळाली का?" तिच्या वयाच्या एका मुलीने विचारलं. ही तलावावरची सगळ्यांत वेगवान मुलगी, सगळे तिला मासोळी म्हणायचे. "हिला तर कुणीतरी चावलंय."

"मग काय झालं," पाणबुडी म्हणाली. "मी हिला परत चावणार नाहीये."

तिने मला मांड्यांत धरलं, भिंतीला ढकललं, आणि आम्ही निघालो. पहिल्या चार हातांतच मला कळलं की ही पोरगी काहीतरी वेगळीच आहे. मी तिचे पाय उचलले आणि इतकी वर्षं नांगरलेली होडी सुटावी तशी ती सुटली. पलीकडच्या भिंतीला हात लावून तिने डोकं वर काढलं आणि विचारलं, "माझे पाय कुठे होते?"

"वर," कोच मॅडम म्हणाल्या. "पहिल्यांदाच."

त्या दिवसापासून ती मला शोधत यायची. नवे पुल-बॉय रिकामे पडलेले असले तरी टोपली उलटी करून मलाच काढायची. माझ्यासोबत ती मासोळीच्या पायांना चिकटून पोहायची. मला हटवलं की पुन्हा सगळ्यांत मागे. पण मला हटवायला ती तयार असेल तर ना.

आता मामांबद्दल. मामा म्हणजे तिच्या आईचे भाऊ. आईची नोकरी संध्याकाळची, म्हणून तिला तलावावर आणणं-नेणं मामांकडे होतं, आणि हळूहळू सगळा तलावच त्यांना मामा म्हणायला लागला. ते घड्याळं दुरुस्त करायचे. घड्याळवाल्याला पाण्याचा जेवढा धसका असतो तेवढा मांजरालाही नसेल. त्यांच्या दुकानात येणारी निम्मी घड्याळं पाण्याने मारलेली. कुणाचं बादलीत पडलेलं, कुणी हात धुताना काढायला विसरलेलं. त्यामुळे तलावाच्या ओल्या फरशीवर मामा असे चालायचे की जणू खाली काचा पसरल्या आहेत. पण हातात स्टॉपवॉच घेतलं की त्यांचा चेहरा बदलायचा. स्टॉपवॉच त्यांचं स्वतःचं, स्वतः उघडून, तेल घालून, नीट केलेलं. भाचीच्या लेनच्या टोकाला ते उभे राहायचे आणि ती आली की बटण दाबून अंगठा वर करायचे. पोहण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. वेळेतलं मात्र सगळं कळत होतं. सगळा घोळ झाला तो त्यामुळेच.

स्पर्धा जवळ आली होती. कोच मॅडम मोठ्या मुलांना घेऊन दुसऱ्या तलावावर गेल्या होत्या. कार्यालयातले काका चष्मा कपाळावर चढवून बाकांजवळ आले आणि पोरांच्या घरच्यांना विचारू लागले, फ्रीस्टाइलची चांगल्यात चांगली वेळ काय? पाणबुडी पाण्यात होती. मी तिच्यासोबत होते. आम्ही नुकताच भिंतीला हात लावला होता.

"थांबा, ताजी देतो," मामा म्हणाले, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ सांगितली.

काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "नक्की ना?"

"साहेब, माझं घड्याळ चुकत नाही."

ते चुकलं नव्हतंच. पोहायचं अंतर बरोबर होतं, वेळ बरोबर होती. फक्त त्या वेळेत मीही होते, आणि शर्यतीत मला परवानगी नसते.

तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. शर्यतीआधी प्रत्येकाची वेळ कळवावी लागते. जितकी चांगली वेळ, तितकी शेवटची फेरी आणि तितकी मधली लेन. म्हणजे सगळ्यांत तगडी मंडळी एकत्र, आणि सगळ्यांच्या नजरा मध्यावर.

काही दिवसांनी कोच मॅडमनी सगळ्यांना कडेला बसवून कोण कुठे पोहणार ते वाचून दाखवलं. "शेवटची फेरी. चौथी लेन, मासोळी. पाचवी लेन..." त्या थांबल्या. कागद जरा लांब धरला, मग जवळ धरला. "पाचवी लेन, पाणबुडी."

 मग हशा असा उसळला की मी तिच्या मांडीवरून खाली पडले.

"शेंग घेऊन उतरणार का शर्यतीत?" मासोळीने विचारलं. "की शेंगच उतरणार आणि तू बाकावर?"

"ही वेळ दिली कुणी?" मॅडमनी विचारलं.

मामांनी हात वर केला. अगदी ताठ, बक्षीस घ्यायला करतात तसा. मॅडमनी त्यांना बाजूला नेलं आणि मी म्हणजे काय चीज आहे ते समजावून सांगितलं. मामांचा हात हळूहळू खाली आला.

"मला वाटलं," ते म्हणाले, "मांड्या घासू नयेत म्हणून लावतात ते."

"वेळ आता बदलता येणार नाही. मुदत संपली. नाव तेवढं काढून घेता येईल."

"काढून घ्या." मामा बाकावर बसले. बाक डगडगला, त्याचा एक पाय आखूड होता. "मी आयुष्यात कुणाला चुकीची वेळ सांगितलेली नाही, मॅडम. गिऱ्हाईक रस्त्यात थांबवून मला विचारतं आणि घरी जाऊन घड्याळ लावतं. आणि सांगितली ती पोरीचीच चुकीची. भर लोकांत तिचं हसं होणार, ते माझ्यामुळे."

पाणबुडी सगळं ऐकत उभी होती. अंगावरून पाणी निथळत होतं आणि मी तिच्या काखेत होते. तिला हसलेलं चालायचं, रोज हसायचेच. पण मामांचा तो खाली गेलेला हात तिला चालला नाही. मला कसं कळलं विचाराल, तर तिने मला इतकं आवळलं की माझ्यातलं पाणी फरशीवर गळायला लागलं.

"चुकीची नाही, मामा," ती म्हणाली. "तू फक्त जरा आधी सांगितलीस."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं घड्याळ पुढे आहे. मागे नको करूस. मी गाठते त्याला."

मामांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मला अजिबात आवडली नाही.

"एकदम सोडवली तर ही बुडते," त्या म्हणाल्या. "थोडी थोडी सोडवू. मामा, तुमच्या दुकानात धारदार असं काय आहे?"

मित्रांनो, आता रडायचं दुसरं ठिकाण. मामांच्या दुकानातलं टेबल, वाकडी मान करून जळणारा दिवा, आणि मामांच्या एका डोळ्यात बसवलेलं भिंग. इतक्या जवळून मला आजवर कुणी बघितलं नव्हतं. माझ्या पहिल्या निळ्या थराच्या चिकटवलेल्या रेघेवर त्यांनी पातं टेकवलं. मला दुखत नाही, फोमला दुखत नसतं. भीती वेगळीच होती. पाच थरांतल्या कुठल्या थरात मी राहते, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. पहिल्याच थरात असले तर?

"मामा, हळू," पाणबुडी म्हणाली.

"पोरी, मी माशीच्या पायाएवढे स्क्रू फिरवतो."

"हो, पण ती माशी नाहीये. ती शेंग आहे."

मामा थांबले, हसले, आणि मग म्हणाले, "ही वेळ खरी केलीस ना, तर मागशील ते देईन."

"काहीही?"

"काहीही."

"मग ठरलं," ती म्हणाली, आणि काय मागणार ते काही सांगितलं नाही.

पातं फिरलं. पहिला थर सुटला. मी अजून होते. चार थरांची, हलकी, जरा लंगडी, पण होते. तो सुटा थर मामांनी तलावावरच्या बाकाच्या आखूड पायाखाली सरकवला आणि बाकाचं डगडगणं थांबलं.

आता चार थर पाणबुडीला जेवढं उचलायचे तेवढं कमी पडायचं. उरलेलं तिला स्वतःला उचलावं लागायचं, पोटाने, कमरेने, पायांच्या बारीक हालचालीने. पहिले काही दिवस ती पाणी पीत होती की पाण्यात पोहत होती हेच कळेना. मग जमलं. जमलं की मामा पातं काढायचे. दुसऱ्या टोकाचा निळा थर निघाला, तो जीवरक्षकाने मागून घेतला आणि गोदामाच्या किल्लीला बांधला. ती किल्ली त्याच्या हातून सारखी पाण्यात पडायची. मग ती पडली की तरंगायची, आणि तो तिला "या बाईसाहेब" म्हणून जाळीने वर काढायचा.

तीन थरांवर मात्र गाडी अडली. रोज तेच. पाय खाली, दम वर. मासोळी बाजूच्या लेनमधून जाताना म्हणायची, "जहाज बुडालं की सांग, फुलं टाकते." पाणबुडी पाणी थुंकून पुन्हा भिंतीला ढकलायची. बोलायला दमच नसायचा.

एका संध्याकाळी कोच मॅडम कडेकडेने तिच्यासोबत चालत गेल्या. नुसत्या बघत, शिट्टी खिशात घालून. टोकाला पोचल्यावर त्यांनी तिला थांबवलं.

"पोहताना समोर काय बघतेस तू?"

"कुठे काय."

"डोकं वर येतंय तुझं. काय बघतेस?"

पाणबुडीने गॉगल वर केला आणि हळू आवाजात सांगितलं, "मामाला."

मामा नेहमीसारखे लेनच्या टोकाला उभे होते, अंगठा तयार ठेवून. मित्रांनो, पोहणारं शरीर म्हणजे तराजू असतो. डोकं वर उचललंत की पाय खाली जाणारच. मी इतके दिवस पाय उचलत होते म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी दुखणं झाकत होते, बरं करत नव्हते.

"मामा," मॅडम म्हणाल्या, "माफ करा, पण तुम्ही तिला बुडवताय."

हे ऐकून मामांचं तोंड असं झालं की मला वाटलं, आता हे निघून जातील आणि परत यायचे नाहीत. ते निघाले खरे. काचांवरून चालावं तसे चालत गेले आणि एका जाड खांबामागे जाऊन उभे राहिले.

"इथून दिसतोय का?" खांबामागून आवाज आला.

"नाही," पाणबुडी म्हणाली.

"मग पोह."

"मामा, पण तू आहेस ना तिथे?"

"आहे की. कुठे जाणार, फरशी ओली आहे."

तिने तोंड पाण्यात घातलं. तलावाच्या तळाला जी काळी रेघ असते ना, तिच्यावर नजर ठेवली आणि निघाली. आणि मला कळलं की माझ्यावरचं वजन कमी होत चाललं आहे. मी उचलत नव्हते, नुसती सोबत होते. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं का? मला तर पाण्यातून उडी मारून जीवरक्षकाचा दुसरा कपही फोडावासा वाटला.

त्यानंतर पांढरे दोन्ही थर भराभर गेले. एक मामांनी दुकानात ठेवला, त्यात ते घड्याळांचे काटे टोचून ठेवायचे. दुसरा निघाला तेव्हा मासोळी तिथे होती. तिने तो उचलला, उलटसुलट करून बघितला. "मला हवा," ती म्हणाली.

"कशाला?" पाणबुडीने विचारलं.

"पाचव्या लेनमधून हल्ली लाटा येतात माझ्याकडे. पूर्वी येत नव्हत्या." एवढं म्हणून तिने तो थर आपल्या पिशवीला लटकवला. मासोळीकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली असेल असं मला वाटत नाही.

उरला मधला एक निळा थर, तळहाताएवढा. मी त्यातच राहते, हे तेव्हा नक्की झालं.

शेवटच्या सरावाला पाणबुडीने सवयीने मला उचललं. मॅडमनी माझ्याकडे हात पुढे केला. "आज हिला कडेला बसू दे. ही पायांत नाही, पण आहे असं समज." त्यांनी मला फरशीवर ठेवलं आणि मी पहिल्यांदा पाणबुडीला पोहताना बघितलं. आजवर मी कायम त्या पायांच्या मध्येच असायचे, ते दिसतात कसे हे मला कुठून कळणार? पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्यात दोन टाचा, छोट्या छोट्या, एकसारख्या, दुधासारखा फेस काढत चालल्या होत्या. ते बुडणारं जहाज कुठे गेलं, मला सापडलंच नाही.

मग शर्यत. गच्च भरलेली बाकं, अनोळखी पोरं, अनोळखी शिट्ट्या. मामा सगळ्यांत जाड खांब शोधून त्याच्यामागे उभे होते. उजव्या हातात स्टॉपवॉच, डाव्या हातात मी. खांबाच्या कडेने आम्हा दोघांना पाचवी लेन दिसत होती आणि पाचव्या लेनला आम्ही दिसत नव्हतो. पाणबुडी उडी मारायच्या ठोकळ्यावर चढली. मागच्या बाकावर कुणीतरी विचारलं, "ही कोण? हिचं नाव कधी ऐकलं नाही." मामांच्या हाताला घाम सुटला.

भोंगा वाजला. त्या सगळ्या एकदम हवेत गेल्या आणि एकदम पाण्यात. मामांनी बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले.

"बघा की," मी मनात म्हणत होते, "अहो बघा, एवढं घड्याळ लावलंय तर बघा." पण माझं कोण ऐकतंय. त्यांनी मला मुठीत आवळलं, चारही नखं माझ्यात रुतली. म्हणून तुम्हाला सांगू शकेन ती मीच. जाताना मासोळी पुढे, पाणबुडी पाचवी. वळताना पाचवी. परत येताना तिच्या बाजूची मुलगी मान वर करून कोण कुठे आहे ते बघायला लागली आणि तिचे पाय खाली गेले. पाणबुडी बघत नव्हती. पाणबुडीची नजर काळ्या रेघेवर होती. चौथी. पुन्हा वळण, पुन्हा जाणं, आणि शेवटच्या वळणाला तर तिच्या टाचांमागे असा फेस निघाला की बाकावरचा तो मघाचा माणूस उभा राहिला. मामांनी एक डोळा उघडला. भिंग लावायचा डोळा, तोच.

"वर आहेत," ते पुटपुटले. "पाय वर आहेत."

मासोळीने भिंत गाठली. मग सहाव्या लेनमधल्या मुलीने. मग पाणबुडीचा हात भिंतीवर आदळला आणि त्याच क्षणी मामांचा अंगठा बटणावर.

तिसरी. मित्रांनो, ती तिसरी आली, आणि पाणबुडीने फलकाकडे बघितलंच नाही. गॉगल कपाळावर सरकवून ती तशीच पाण्यातून ओरडली, "मामा, गाठलं का?"

मामा खांबामागून बाहेर आले. ओल्या फरशीवरून धावत आले, काचा वगैरे सगळं विसरून. स्टॉपवॉच आधी डोळ्यांजवळ नेलं, मग कानाजवळ नेलं, घड्याळवाल्यांची खोडच ती. मग मोठ्या फलकावरच्या आकड्याशी ताडून बघितलं. त्यांनी काकांना सांगितलेल्या वेळेपेक्षा ती पापणी लवण्याइतकी लवकर आली होती.

"गाठलं," ते म्हणाले. आणि त्यांनी अंगठा वर केला. अंगठ्यासोबत मीही वर गेले, कारण मी त्यांच्या मुठीतच होते.

मासोळी दोरीवरून हात टाकून पाणबुडीजवळ आली. "लाटा फार करतेस," ती म्हणाली. "पुढच्या वेळी जरा लांबच्या लेनमध्ये जा."

"पुढच्या वेळी तू जा," पाणबुडी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की पंचांनी त्यांना पाण्याबाहेर हाकललं. पदक मिळालं ते पाणबुडीने घरी जाईपर्यंत माझ्या कंबरेला गुंडाळून ठेवलं. बरी दिसत होते मी, असं म्हणतात.

त्या दिवशी कारखान्यातली ती बाई भेटायला हवी होती. मामांच्या चार नखांचे चार खळगे माझ्या अंगावर अजून आहेत. मी चिवट आहे, मनात आणलं असतं तर भरून काढले असते. नाही काढले.

आता उरलं मागणं. पाणबुडीने दुसऱ्याच दिवशी मागून घेतलं.

"पाण्यात उतर."

"वेडी आहेस का," मामा म्हणाले. "दुसरं काहीही माग."

"काहीही म्हणाला होतास. घड्याळवाल्याचा शब्द आहे, पुढे-मागे नाही करायचा."

मामांना पाण्यावर धरायला मी अख्खी लागणार, म्हणून माझे थर गोळा झाले. मासोळीने तिचा थर देताना दोनदा बजावलं की परत हवा आहे. जीवरक्षकाने किल्लीचा थर सोडवून दिला आणि किल्ली त्याच दिवशी पाण्यात बुडाली. दुकानातला थर काट्यांची भोकं घेऊन आला. बाकाखालचा थर निघाला तसा बाक पुन्हा डगडगायला लागला, तिथे आता मामांच्या जुन्या चपलेचा तुकडा आहे. दिव्याखाली बसून, डोळ्याला भिंग लावून, मामांनी मला थरावर थर जोडलं. जोड किंचित वाकडे आले आहेत. चिकटवता चिकटवता ते दर थराला विचारत होते, पाणी किती खोल असतं?

मित्रांनो, तुमच्या तलावावरही टोपलीच्या तळाशी माझ्यासारखी कुणी पडलेली असेल. तिला उन्हात टाकू नका, चावू नका, वापरून झालं की साध्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवा. तिच्यावर हवा तेवढा भार टाका, तिला आवडतं ते. फक्त एक दिवस तिला कडेला बसवा आणि तिला तुमचे पाय बघू द्या. आम्ही त्यासाठीच असतो.

बाकी सुस्कारे टाकायला मला वेळ नाही. हे सांगतेय तोवर मामांनी मनगटावरचं घड्याळ काढून, रुमालात गुंडाळून, बाकावर ठेवलं आहे. शिडीच्या शेवटच्या पायरीवर ते कधीपासून उभे आहेत. पाणी कमरेपर्यंत आलं आहे आणि मी त्यांच्या मांड्यांत इतकी घट्ट आहे की पाचही थर एक झाले आहेत. पाणबुडी कडेला उकिडवी बसली आहे. स्टॉपवॉच आज तिच्या हातात आहे.

"मामा, वेळ लावू का?"

"लाव," मामा म्हणतात. "पण कुणाला सांगू नकोस."

आणि ते शिडी सोडतात. पाय वर आहेत, मित्रांनो. मी उचलून धरलेत ना, दोन्ही पाय वर आहेत.